कागदी पट्टीवरचं पाणी

आत्या गेल्यावर सांगलीतल्या तिच्या गल्लीतल्या बायका एकेक करून मला म्हणाल्या, "लय सोसलं बिचारीनं." मी मान हलवली. तेरा दिवस मी दुसरं काही केलंच नाही. पण सोसणं हा आत्याचा गुण नव्हता. डोळ्यात घालायचे थेंब जरा चुरचुरतात, घशात कडवट उतरतात, एवढंसुद्धा तिनं सोसलं नाही. सोसायचं खातं माझ्याकडे होतं. हे त्या बायकांना सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून इथे लिहितो आहे. रोज चार ओळी होतात. कधी तेवढ्याही होत नाहीत.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि तेव्हापासून मला आत्यानंच वाढवलं. तिचा नवरा सैन्यात होता, तोही लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. हळदीच्या गोदामांच्या मागच्या गल्लीत तिच्या दोन खोल्या होत्या. मी शिकलो, साताऱ्याच्या एका शाळेत मराठी शिकवायला लागलो, तेव्हा तिला म्हटलं, चल माझ्याकडे. ती म्हणाली, "तुज्या खोलीत मानसं कुटं हायत? नुसती पुस्तकं." त्यामुळे एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी, सकाळची शाळा सुटली की मी कराडवरून सांगलीला जाणारी एसटी पकडायचो आणि रविवारी संध्याकाळी परत यायचो. अशी सात-आठ वर्षं गेली. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट.

अशाच एका शनिवारी तिनं मला चहा दिला तो कपात कमी आणि बशीबाहेर जास्त. मी पाहत राहिलो. ती म्हणाली, "कप सरकला." कप सरकला नव्हता. मग दाराच्या चौकटीला तिचा डावा खांदा आपटला, तेव्हा चौकट वाईट निघाली. मी तिचा उजवा डोळा हातानं झाकला आणि विचारलं, मी किती बोटं धरली आहेत? ती गप्प बसली. आत्याला गप्प बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. डावा डोळा कधी गेला हे तिला कळलंही नव्हतं. दुखलं नाही, लाल झाला नाही. उजवा काम करत होता, म्हणून डाव्याची हजेरी कोणी घेतलीच नाही.

सोमवारची रजा टाकून मी तिला तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तपासणारी डॉक्टर तरुण होती, अजून पुढचं शिक्षण चालू असलेली. हसरी, चपळ, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिनं आत्याच्या डोळ्यांत बधिर करणारं औषध घालून एक छोटंसं उपकरण बुबुळावर टेकवलं आणि दाब मोजला. मग मला बाजूला घेऊन सांगितलं, काचबिंदू आहे. डावा गेला तो गेला. उजव्याची नजर कडेकडेनं मिटत चालली आहे, मधली शाबूत आहे. गेलेलं परत आणता येत नाही, उरलेलं राखता येतं. सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब. जन्मभर. चुकवायचा नाही.

म्हणजे सगळं त्या एका उजव्या डोळ्यावर आलं.

घरी आल्यावर मी आत्याला समोर बसवून समजावलं. सातवीच्या वर्गाला समजावतो तसं. डोळ्याच्या आत पाणी तयार होतं. ते निघून जायला एक बारीक वाट असते. ती वाट तुंबली की पाणी साचतं, दाब वाढतो आणि मागची नस सुकत जाते. मी कागदावर आकृतीही काढली. आत्यानं ती उजव्या डोळ्यासमोर धरून नीट पाहिली. "म्हंजे मोरी तुंबल्यावानी," ती म्हणाली. मला फार बरं वाटलं. बहुतेक मुलांना आकृती काढूनही कळत नाही.

महिन्याभरानं पुन्हा गेलो तेव्हा त्या डॉक्टरीणबाईंनी एक विनंती केली. त्या आपल्या प्रबंधासाठी काचबिंदूच्या रोग्यांचे अश्रू गोळा करत होत्या. अश्रूंत बरीच प्रथिनं असतात, त्यांतली काही या आजारात वाढत असतील किंवा घटत असतील, असा त्यांचा कयास होता. "तसं निघालं ना सर," त्या म्हणाल्या, "तर पुढे कधीतरी नुसत्या कागदाच्या पट्टीवर कळेल. यंत्र नको, अंधारी खोली नको. खेड्यातल्या दवाखान्यात, नजर जायच्या आधी." मी भारावलो. डाव्या डोळ्याचं दुःख ताजं होतं आणि ही मुलगी म्हणत होती, एका पट्टीवर कळलं असतं.

आत्यानं विचारलं, "रडायला लावनार का काय?"

"नाही हो आजी. उलट रडायचं नाही. पापणीत पट्टी ठेवायची आणि पाच मिनिटं शांत बसायचं. फक्त त्या दिवशी सकाळचा थेंब पट्टी झाल्यावर घालायचा, आधी नको."

"पाच मिंटं गप बसायचं?"

"हो."

"ती लय अवगड हाय," आत्या म्हणाली, आणि डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या.

बोटाएवढी पांढरी पट्टी. तिचं टोक दुमडून खालच्या पापणीत अडकवलं आणि आत्या खरंच पाच मिनिटं गप्प बसली. पट्टी हळूहळू ओली होत खाली उतरत होती. मग बाईंनी ओला तुकडा कापून एका चिमुकल्या नळीत घातला आणि नळी बर्फ भरलेल्या थर्मासात ठेवली. संध्याकाळी ती पुण्याच्या प्रयोगशाळेकडे जायची होती. आत्या म्हणाली, "माज्या डोळ्याचं पानी थर्मासात घालून पुन्याला. मी कवा गेले न्हाई पुन्याला."

त्यानंतर त्यांनी दाब मोजला. "छान उतरलाय आजी," त्या म्हणाल्या. आत्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. त्या बघण्यात काहीतरी होतं. मी विचारलं नाही. मला वाटलं, आनंद झाला असेल. आयुष्यभर पुस्तकं वाचून माणसाचा चेहरा वाचता येत नाही, हे मी तोवर मान्य केलं नव्हतं.

पुढचे दोन महिने असेच गेले. दर महिन्याला पट्टी, मग दाब. दोन्ही ठीक. मी थेंबांची बाटली आणून द्यायचो, आत्या ती फडताळात ठेवायची, आणि मी विचारलं की म्हणायची, "व्हय रं, घालते." तेव्हा घालत होती, असं मी अजूनही मानतो.

मग मार्च आला. परीक्षा, पर्यवेक्षण, त्यानंतर तपासायच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. सांगलीला जाणं सुटलं; बाटल्या तेवढ्या आधीच आणून ठेवल्या होत्या. तिकडे त्या डॉक्टरीणबाईही स्वतःच्या परीक्षेसाठी रजेवर गेल्या होत्या, त्यामुळे पट्टीही बंद होती. मी आत्याला पत्र लिहिलं, थेंब चुकवू नकोस. पत्र शेजारच्या काकू तिला वाचून दाखवायच्या. उलट निरोप आला: प्रकृती उत्तम, काळजी नसावी. मी काळजी केली नाही. मला काळजी न करायला कोणी सांगितलं की मी लगेच ऐकतो.

मे महिन्यात मी गेलो तेव्हा गल्लीत कांदा-लसूण मसाल्याचे दिवस चालू होते. त्या भागात वर्षाचा मसाला उन्हाळ्यात करतात. घरोघरी कांदा चिरून गच्चीवर जुन्या लुगड्यांवर वाळत टाकतात, मग तळून मिरचीबरोबर कांडून आणतात. आत्याच्या दारात पोहोचायच्या आधीच शेजारच्या काकूंनी मला गाठलं.

"आवं मास्तर, तुमच्या आत्याबाईंनी यंदा कमाल केली. आख्ख्या गल्लीचा कांदा त्यांनीच चिरला."

"गल्लीचा?"

"व्हय. रोज सकाळी विळी घिऊन हजर. आज हिच्यात, उद्या तिच्यात. आमी म्हनलं, तुमचे डोळं अशे, ऱ्हाऊ द्या. तर म्हनत्यात, डोळ्यासाटीच चिरतीया."

मी घरात गेलो. आत्या जमिनीवर बसून विळीवर कांदा चिरत होती. समोर कांद्याची रास. डोळ्यांतून धारा लागलेल्या, पदरानंही पुसत नव्हती. डाव्या हाताच्या दोन बोटांना चिंध्या बांधल्या होत्या.

"आलास?" ती म्हणाली. "बस. आजचं पानी हुंदे पुरं."

"कसलं पाणी?"

"डोळ्याचं. आनि कसलं?"

फडताळात मी आणून दिलेल्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. एक अर्धी. बाकीच्यांची टोपणंही उघडली नव्हती.

"थेंब कधीपासून बंद केलेस?"

"बंद कुटं केलं? गरज पडली न्हाई."

"गरज नाही हे कोणी सांगितलं?"

"तूच."

"मी?"

"मग कोन? हितंच बसून सांगितलंस. कागदावर मोरी काडून दावलीस. पानी तुंबतंय म्हनून दाब वाडतोय. सांगितलंस का न्हाई?"

"सांगितलं."

"मग त्या पोरीनं पट्टी लावून पानी काडलं आन दाब उतरला. तुज्या म्होरं म्हनली, छान उतरलाय. म्हनली का न्हाई?"

"म्हणाली. पण तो थेंबांनी उतरला होता, आत्या. महिनाभर तू थेंब घातले होतेस."

"आन ही तू कवा सांगितलंस?"

सांगितलं नव्हतं. सांगायची गरज आहे असं मला वाटलंच नव्हतं.

"शिवाय पट्टीच्या दिवशी थेंब घालू नका म्हनली. मी समजले, पानी काडलं की थेंब लागत न्हाई. मग ती पोरगी गेली परीक्षेला. तू बसलास पेपर तपाशीत. मी काय करावं? कांदा चिरला. पट्टीवर चार थेंब पडत हुतं, हितं वाटीभर पडतंय."

"ते पाणी वेगळं!" मी ओरडलो. मी कधी ओरडत नाही. "आतलं पाणी वेगळं, अश्रू वेगळे. अश्रू बाहेरच्या बाहेर तयार होतात. त्यांचा दाबाशी काही संबंध नाही."

आत्यानं विळी आडवी केली. "डोळा एक हाय नव्हं? मग पानी दोन कुटनं आलं?"

उत्तर होतं, पण ते ज्या बाईनं दोन महिने रोज न चुकता, बोटं कापून घेत, आपल्या समजुतीनं औषध घेतलं होतं तिला द्यायचं होतं. तिला दोन वाक्यं मिळाली होती, पाणी तुंबतं हे माझं आणि दाब उतरला हे बाईंचं. दोन्ही खरी. मधलं तिसरं वाक्य मी सोडून दिलं होतं, आणि ते तिनं स्वतःच तयार केलं. वर्गात एखाद्या मुलानं असं केलं असतं तर मी त्याला हुशार म्हटलं असतं. आत्याला मी त्या संध्याकाळी मूर्ख म्हटलं, हट्टी म्हटलं, आणखीही काही म्हटलं. ती ऐकून घेत नव्हतीच. "चिरलेला कांदा वाळत घाल," ती म्हणाली, "न्हाईतर वास येतोय."

सोमवारी हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरीणबाई परत आल्या होत्या. त्यांनी दाब मोजला. पुन्हा मोजला. मग आत्याच्या समोर अगदी जवळ बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, उजव्या डोळ्यानं माझ्या नाकाकडे बघा. तिथून डोळा हलवायचा नाही. माझं काय काय दिसतं?"

"नाक दिसतंय."

"अजून?"

"नाकच. कुकू न्हाई लावलंस आज?"

कुंकू होतं. मी भिंतीकडे पाहू लागलो.

काय झालं ते मी बाईंना सांगितलं. कांद्याचं ऐकून त्या आधी हसल्या, मग त्यांचं तोंड उतरलं. "मीच नीट सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. मला त्यांचा राग आला. ती जबाबदारी माझी होती, आणि तीही लोक माझ्याकडे राहू देत नव्हते.

शस्त्रक्रिया करायचं ठरलं. मोठे डॉक्टर आले. शांत, कामात मुरलेले. त्यांनी आत्याला समजावलं, "आजी, थेंबांनी आता भागणार नाही. डोळ्यात एक बारीकशी वाट करून देतो, म्हणजे साचलेलं पाणी निघून जाईल."

आत्या माझ्याकडे वळली. त्या वेळी तिला मी दिसत होतो की नाही कोण जाणे, पण चेहरा विजयी होता. "ऐकलंस का मास्तर? पानी काडायचंच हाय. मी काय येगळं सांगत हुते?"

मोठे डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे आजी." त्यांना मागचं काही माहीत नव्हतं. मी उठून व्हरांड्यात गेलो आणि लसीकरणाचं एक भित्तिपत्रक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या.

दाब उतरला. नजर राहिली नाही. काही दिवस उजेड कुठून येतो ते तिला कळायचं. दिवाळीच्या सुमाराला तेही कळेनासं झालं. मी तिला साताऱ्याला चल म्हटलं. ती आली नाही. या दोन खोल्यांतला कोपरान्कोपरा हाताला माहीत आहे, तुझ्याकडे पुस्तकांना ठेचकाळून मरेन, म्हणाली. यावरही वाद झाला आणि तोही मी हरलो.

एक दिवस तिनं विचारलं, "त्या पोरीला माज्या पान्यात काय गावलं का?"

मी बाईंना जाऊन विचारलं. त्यांनी वही काढून दाखवली. आत्याची पहिली पट्टी कामाची होती. पुढच्या दोन त्यांनी बाद केल्या होत्या. डोळा चुरचुरून आलेलं पाणी पातळ असतं, त्यात प्रथिनांचं माप बिघडतं, आणि त्या दोन दिवशी पट्टी फारच भराभर भिजली होती. म्हणजे पट्टीच्या दिवशी सकाळीही आत्या कांदा चिरून आली होती, मदत म्हणून. मी विचारलं, एकंदरीत काही निघालं का? त्या म्हणाल्या, "काही प्रथिनं कमीजास्त दिसतात, सर. पण ती आजारामुळे की रोजच्या थेंबांमुळे, ते सांगता येत नाही. खूप जास्त लोक लागतील. माझा प्रबंध तर संपला, आता मी दुसऱ्या गावी चालले." मग म्हणाल्या, "तुम्ही सख्खे भाचे ना? स्वतःचे डोळे तपासलेत? हे रक्ताच्या नात्यात येतं. मी तुम्हाला मागेच म्हटलं होतं."

म्हटलं होतं. मी हो म्हणून विसरलो होतो.

आत्याला मी खरं ते सांगितलं. एक पट्टी चालली, दोन बाद झाल्या, आणि निघालं काही नाही.

"बाद का?"

"कांद्यामुळे."

तिनं डाव्या हाताच्या बोटांवरचे कापल्याचे वण चाचपले. मग म्हणाली, "तिला म्हनावं आता घे. आता न्हाई मी कांदा चिरत."

मी सांगितलं, तिचं काम संपलं, ती दुसऱ्या गावी गेली.

"मग दुसरी कोन आसंल. कुनाला तरी लागत आसंल की."

मी तिच्यावर चिडलो. का चिडलो ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. तिला स्वतःला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, हे तिला कळत नव्हतं म्हणून. किंवा कळत होतं म्हणून. बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं, माझेही डोळे तपासायला सांगितलेत.

चूक झाली. त्या दिवसापासून तिनं मला जगू दिलं नाही. सहा महिने मी टाळलं, शाळेचं कारण सांगितलं, शेवटी साताऱ्यातच तपासून घेतले. दोन्ही डोळ्यांत दाब जास्त निघाला. नजर अजून शाबूत होती. सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब, जन्मभर.

मग फोन सुरू झाले. तिच्या गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ होता. भिंतीला हात लावत ती तिथपर्यंत जायची आणि शाळेच्या ऑफिसात फोन लावायला सांगायची. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. शिपाई वर्गाच्या दारात येऊन सगळ्या वर्गासमोर म्हणायचा, "सर, आत्याबाईंचा फोन." मुलं हसायची. मी खाली जायचो.

"थेंब घातलं?"

"घातले."

"सकाळी घातलं?"

"हो म्हटलं ना."

"चुरचुरलं का?"

"नाही."

"मग न्हाई घातलंस. घातलं की चुरचुरतंयच. मला म्हाईत हाय."

आणि फोन ठेवायची. ती बरोबर असायची. मी चरफडत वर्गात जायचो, पुढची ओळ वाचायचो आणि संध्याकाळी घरी जाऊन आधी थेंब घालायचो. तीन वर्षं हे चाललं. मी मुख्याध्यापकांची माफी मागितली, आत्याला विनवलं, एकदा रागावून दोन आठवडे फोनच घेतला नाही. तेव्हा तिनं सरळ मुख्याध्यापकांना फोनवर बोलावून विचारलं, "तुमच्या मास्तरानं थेंब घातलं का बगा जरा." त्यांनी खरंच येऊन विचारलं.

ती गेली ती झोपेत. आदल्या दिवशी फोन येऊन गेला होता, आणि त्या दिवशी मी थेंब घातले होते. तिनं विश्वास ठेवला नाही.

परवा डोळे दाखवून आलो. दाब थोडा चढला आहे. साताऱ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, थेंब नियमित घालता ना? मी म्हटलं, हो. त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. एवढ्यावर सुटलो याचं मला आश्चर्य वाटलं, आणि रस्त्यात आल्यावर फार राग आला. गेल्या आठवड्यात मी तीनदा विसरलो होतो.